आधी पत्रा, मग रबर

(दृश्य: पुण्याच्या भवानी पेठेतलं पत्र्याचं शेड. क्रीम रंगाची जुनी मोटार, दारं उघडी. हातोडीचा आवाज.)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. या शेडमध्ये सध्या एकाच तारखेची चर्चा आहे, सात जून. मृग लागायच्या आत गाडी घरी न्यायची, असं मालकांनी बजावलंय. डेंटरचाचांनी, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या चाचांनी, मान डोलावलीय. पेठेत मान डोलावणं म्हणजे होकारच असतो असं नाही.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११०० डी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘डिलाइट’ म्हणून बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चार दारं. आज आपलं काम आहे ते या चार दारांशी.

तक्रार साधी आहे. पावसात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचतं. साठच्या पुढे गेलं की काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिट्टी वाजते. आणि ड्रायव्हरचं दार आपटल्याशिवाय लागत नाही.

मालक म्हणतात, "अहो, पण रबर तर गेल्याच वर्षी नवीन टाकलंय!"

चाचा हसतात. "तेच तर झालंय साहेब."

(दृश्य: दाराच्या कडेचं जाड काळं बीडिंग, म्हणजे रबराची पट्टी, एका कोपऱ्यात सुटलेली.)

काय झालंय ते नीट पाहू, कारण पुण्यातल्या अर्ध्या जुन्या गाड्यांची कथा हीच आहे. पाणी येतं म्हणून मालक रबराच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचार केला, फट मोठी दिसते, तर जाड बीडिंग द्यावं. जाड बीडिंगमुळे दार लागेना. मग कोणीतरी खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं तो भाग, बाहेर सरकवला. दार लागलं, पण मागच्या दारापेक्षा बाहेर राहिलं. वरच्या बाजूला फट पहिल्यापेक्षा मोठी झाली आणि पाणी पुन्हा आत आलं. पैसे खर्च करून गाडी होती तिथेच, वर दारही वाकडं.

यात फसवणूक कुणी केली नाही. पत्र्याचं काम एकाकडे, रबराचं दुसऱ्याकडे, रंगाचं तिसऱ्याकडे. प्रत्येकानं आपापलं काम बरं केलं आणि दोष नेमका त्यांच्यामधल्या जागेत राहिला.

म्हणून चाचांची पहिली अट अशी, की सगळं रबर काढा. चारही दारांचं. स्ट्रायकरसुद्धा काढा. आता दार फक्त बिजागरीवर लटकतंय, त्याला कुणी ओढत नाही की ढकलत नाही. दार खरं कुठे बसतं ते आत्ता कळतं. आणि गाडी जॅकवर नाही, सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी पाहिजे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. एका कोपऱ्यात उचलली की दारांचे गॅप बदलतात.

(दृश्य: चाचा दोन्ही हातांनी उघडं दार मागच्या टोकाला धरून वर उचलतात. बिजागरीत हालचाल दिसते.)

हे पाहा. दार उचललं तर उचललं जातंय. बिजागरीची पिन झिजलीय. अशा दाराचं मागचं टोक खाली येतं आणि गॅप तिरका होतो, मागच्या कडेला वर अरुंद, खाली रुंद. चाचा गॅप मोजायला वेगवेगळ्या जाडीचे ड्रिल बिट वापरतात. वर तीन मिलिमीटरचा बिट अडकतो, खाली सहाचा सहज फिरतो.

पण तिरका गॅप दिसला की लगेच बिजागरीला दोष देऊन चालत नाही. दाराखालचा उंबरठा आतून गंजला असेल तर बॉडी मधोमध खचते आणि गॅप अगदी तसाच वर मिटतो. फरक ओळखायचा कसा? उचलून पाहायचं, दार सैल नसेल तर बिजागरीची चूक नाही. मग उंबरठ्याखाली जॅक लावून थोडा दाब द्यायचा आणि गॅपवर नजर ठेवायची. गॅप ठळक हलला तर आधी पत्रा कापा, वेल्डिंग करा, दाराचं नंतर बघू. गंजलेल्या उंबरठ्यावर दारं जुळवून देणारे आणि पैसे घेणारे लोक आहेत. ते जुळलेलं दार फार टिकत नाही.

या गाडीचा उंबरठा शाबूत निघाला. पिन आणि बुश लेथवाल्याकडून नवीन करून घेतले, आणि अर्धा तिरकेपणा तिथेच गेला.

(दृश्य: कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या कडेवरून फिरतं, एका जागी चिकटत नाही.)

उरलेल्या अर्ध्याचं कारण वेगळंच. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीला चिकटत नाही. पेंटर लोक पुट्टीला लांबी म्हणतात. आधी कधीतरी दाराच्या कडेवर लांबीचा थर चढवून गॅप दिसायला सरळ केला होता. रंग ओला असेपर्यंत ते झकास दिसतं. मग दार आपटलं की टवका उडतो, आणि या दारानं आपटणं बरंच सोसलंय. चाचांनी लांबी खरवडून काढली, कड डॉलीवर, म्हणजे मागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, ठोकून सरळ केली. इथून तांबट आळी काही फार लांब नाही, पण तिथल्या ठोक्यात आणि या ठोक्यात फरक आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर ठोके दिसले पाहिजेत, इथे एकही दिसता कामा नये.

आता जुळवणी. सुरुवात मागून. मागचा मडगार्डचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. म्हणून मागचं दार त्याला जुळवायचं, पुढचं दार मागच्याला. ज्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड बोल्टवर असतात त्यांत मग मडगार्ड दाराला, आणि सगळ्यात शेवटी बोनेट. उलट्या क्रमानं गेलात तर सगळ्या चुका मागच्या दाराशी येऊन साचतात आणि तिथे सरकायला जागाच नसते.

आणखी एक बाब. दार फक्त वर-खाली आणि पुढे-मागे नसतं, आत-बाहेरही असतं. खालचा कोपरा आत बसलाय आणि वरची चौकट बाहेर राहिलीय, असं या दाराचं होतं. शिट्टी तिथूनच येत होती. गाडी वेगात असते तेव्हा बाजूच्या काचेबाहेर हवेचा दाब कमी होतो, दाराची वरची चौकट बाहेर ओढली जाते आणि फट उघडते. त्यावर रबर चढवून उपयोग नाही, चौकट पिळून आत आणावी लागते.

(दृश्य: काच काढलेलं दार. खालच्या कोपऱ्यात दार आणि खांबामध्ये लाकडी ठोकळा. चाचा वरची चौकट दोन्ही तळहातांनी आत दाबतात.)

खाली लाकडी ठोकळा, वरून दाब. थोडं दाबायचं, ठोकळा काढायचा, दार लावून पाहायचं, पुन्हा ठोकळा. पाहायला भीती वाटते. मालक बाहेर चहा प्यायला गेले.

रंग अजून लागलेला नाही हे लक्षात घ्या. रंगाच्या आधी रबर एकदा कोरडं बसवून पाहायचं असतं. बहुतेक ठिकाणी हे टाळतात. दार रबराशिवाय सुंदर जुळवतात, रंगवतात, आणि मग नवं रबर आत गेलं की दार बाहेर ढकललं जातं. तेव्हा रंगलेल्या दारावर ठोकळा ठेवायला कोण धजावणार?

(दृश्य: नाना पेठेतलं रबराचं दुकान. भिंतीवर बीडिंगची वेटोळी.)

रबर मीटरवर मिळतं. दुकानात गिऱ्हाईक जुन्या रबराचा तुकडा नेतं आणि "असंच द्या" म्हणतं. पण तो तुकडा तर वर्षानुवर्षं दबलेला! दबून बसलेलं रबर पुन्हा पूर्ण फुगत नाही, त्याची जाडी आता खोटी आहे. त्यापेक्षा लहान मुलांची खेळायची क्ले आणा. तिच्या गोळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दाराच्या चौकटीवर ठिकठिकाणी ठेवा, दार लावा, उघडा आणि चपटलेल्या गोळीची जाडी मोजा. रबराला खरी जागा किती आहे ते तेवढ्यात कळतं. या दारात लॉककडे नऊ मिलिमीटर निघाली, बिजागरीकडे पाच. स्पंजचं पोकळ रबर साधारण एक तृतीयांश ते निम्मं दबलं पाहिजे, हा हिशोब धरून जाडी निवडायची.

बिजागरीकडचा आकडा फार महत्त्वाचा. घरातल्या दाराच्या बिजागरीच्या फटीत पेन्सिल अडकली तर दार कितीही ढकला, लागत नाही. तसंच इथे तिथलं रबर दोन मिलिमीटर जाड झालं तर लॉककडे दार बोटभर बाहेर राहतं. गेल्या वर्षीच्या बीडिंगनं हेच केलं होतं.

रबर कुठलं घ्यायचं? विचारा ईपीडीएम आहे का, हे एक कृत्रिम रबर. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर हल्ला करतो आणि ताणलेल्या जागी आडव्या भेगा पडतात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंध नाहीत, म्हणून पुण्यातलं एप्रिल-मेचं ऊन ते वर्षानुवर्षं सोसतं. एकच पथ्य, त्याला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, फुगून नासतं. लावायचंच तर सिलिकॉन.

पद्मिनीच्या रबराचं नेमकं जुनं प्रोफाइल, म्हणजे पट्टीचा आकार, हवं असेल तर मात्र शोधाशोध आहे. मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर या सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचं टॅक्सी म्हणून धावणं बंद झालं. आता काही लोक बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फेरी मारतात. पत्र्याचे, क्रोमचे तुकडे तिथून जरूर घ्या. रबर घेऊ नका. न वापरलेलं जुनं रबरसुद्धा जुनंच असतं.

(दृश्य: रंगलेली गाडी. चौकटीवर ब्रशनं सोल्युशन लावलं जातंय.)

चिकटवायच्या कामाला कोरडी हवा हवी. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो; हवा दमट असेल तर त्यावर बाष्प जमतं आणि पकड कच्ची राहते. मृगाची घाई मालकांच्या मनातली असली, तरी तिच्यात रसायनशास्त्रही आहे. रंगही आधी पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर सोल्युशन रंगच उचकटून आणतं.

दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. आणि रबर ताणायचं नाही! ताणून लावलेलं रबर काही दिवसांत आखडतं, कोपऱ्यातून सुटतं, जोडावर उघडं पडतं. उलट कोपऱ्यात ते किंचित आत रेटायचं. जोड दाराच्या वरच्या कडेला कधीच नको, खाली घ्यायचा.

खालच्या कडेला रबर लावताना चाचा पोराला ओरडतात, "अरे, भोकं! भोकं बुजवू नको." दाराच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जाणारच, ते तसंच योजलेलं आहे. ते खालून बाहेर पडलं पाहिजे. भोकं बुजली की दार आतून कुजतं, आणि रबर उत्तम असलेल्या गाडीचंही कुजतं.

डिकीचं रबर लोक शेवटी ढकलतात, कारण डिकीत भिजायला काही नसतं. पण चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. डिकीचं रबर गेलं असेल तर तो मागच्या सीटपर्यंत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. पाण्यापेक्षा ही बाब गंभीर आहे.

(दृश्य: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली जाते.)

आता परीक्षा. कागदाची पट्टी दारात धरून ओढायची, सगळीकडे सारखी अडखळत निघाली पाहिजे. सहज निघाली तिथे रबर टेकत नाही. दार जड लागतंय का? मग एक काच खाली करून लावून पाहा. हलकं लागलं तर दोष रबराचा नाही, बंद गाडीतली हवा अडवतेय, म्हणजे उलट काम चांगलं झालंय. तरी जड असेल तर घाईनं स्ट्रायकर बाहेर घेऊ नका. दारं पूर्ण लॉक करून गाडी काही दिवस उभी ठेवा, रबर बसतं.

चाकणच्या कारखान्यात नवी मोटार शॉवरखालून जाते. इथे नळाची पाइप आहे. खालून सुरुवात करून हळूहळू वर, एकानं बाहेरून पाणी मारायचं, एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

आत मालक स्वतः बसलेत.

"दार कोरडंय, चाचा! पण पायाशी येतंय अजून."

"डावीकडून की उजवीकडून?"

"मधून. वायरी येतात तिथून."

चाचा बोनेट उघडतात. इंजिनमागच्या पत्र्यात वायरिंगच्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे भोक बंद करणारी रबरी कडी, असतो. तो तडकलाय. वायपरखाली साचलेलं पाणी तिथून वायरीवरून आत उतरतंय. दारातून येणाऱ्या पाण्यासोबत हेही इतके दिवस येत होतं, फक्त नाव दाराचं होतं. ग्रोमेटची किंमत एका चहाच्या आसपास. बदलायला मात्र अर्धं वायरिंग सोडावं लागणार.

"उद्या," चाचा म्हणतात.

"नक्की?" मालक विचारतात.

चाचा मान डोलावतात.