एक कार्ड, दोन नकाशे

(दृश्य : आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गॉलवे शहर. कॉरिब नदी समुद्राला मिळते तिथला काठ. वारा. पूल ओलांडणारी सायकल.)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावर क्लीव्हलंड शहर आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, विशेषतः काउंटी मेयोमधल्या ॲकिल बेटावरची माणसं या शहरात जाऊन राहिली. गोदीत राबली, पोलादाच्या कारखान्यांत राबली आणि तिथलीच झाली. आजही क्लीव्हलंड आणि ॲकिल ही एकमेकांची जोडगावं मानली जातात.

पुलावरून सायकल मारत येणारी ही मुलगी क्लीव्हलंडची. वय पंचवीस. तिच्या खापरपणजीच्या पिढीतलं कुणीतरी ॲकिलहून निघालं होतं, असं घरात सांगतात. ती मात्र पूर्वजांच्या शोधात इथे आलेली नाही. ती आली शिकायला. गॉलवे विद्यापीठात तिने वैद्यकीय उपकरणांशी संबंधित अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता शहराबाहेरच्या एका कारखान्यात ती गुणवत्ता तपासणीचं काम करते.

गॉलवे म्हटलं की पर्यटकांना आठवतात रस्त्यावरचे वादक, स्पॅनिश आर्च आणि सॉल्टहिलचा समुद्र. पण या शहराचं पोट चालतं ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या स्टेंट आणि कॅथेटरवर. बॉस्टन सायंटिफिक, मेडट्रॉनिक अशा मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे कारखाने इथे आहेत. आयर्लंडने कमी कंपनीकर लावून आणि शिकलेलं मनुष्यबळ पुरवून ही गुंतवणूक ओढून आणली. पूर्वी इथली माणसं कामासाठी अमेरिकेला जात होती, आता अमेरिकेचं काम इथे आलंय. आणि त्या कामामागे अमेरिकेतली मुलंही येतात, नाशिकचीही येतात.

(दृश्य : दुमजली घराचं स्वयंपाकघर. रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे.)

घरात चौघं राहतात. एक जण कॉर्कचा, एक पोलंडची, ही क्लीव्हलंडची आणि चौथी नाशिकची. नाशिकची मुलगी त्याच विद्यापीठात शिकली, तिच्याच वर्गात होती. घर मिळवताना दोघींनी एकत्र वणवण केली. आयर्लंडमधली घरटंचाई किती खरी आहे, हे भाड्याने जागा शोधायला निघालं की पहिल्या आठवड्यातच कळतं. एका खोलीसाठी रांगा लागतात. कायद्याचा थोडा आधार आहे : २०२१ पासून घरमालकाला डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम आगाऊ मागता येत नाही. पण आधी घर तर मिळायला हवं. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि घराचं भाडं भरायला खातं. या फेऱ्यातून प्रत्येक परदेशी माणूस जातो.

घरात शिरल्यावर एक गंमत दिसते. इंग्रजी जिची मातृभाषा, पूर्वज जिचे इथले, तिलाच इथलं घर नव्याने शिकावं लागलं. गरम पाण्यासाठी आधी बटण दाबून वाट पाहायची, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरी नळ सोडला की गरम पाणी यायचं, कपडे यंत्रातून वाळूनच बाहेर पडायचे. इथे कपडे स्टँडवर टाकायचे, पाऊस थांबला की अंगणात न्यायचे, पुन्हा भुरभुर सुरू झाली की धावत आत आणायचे. भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण, तीन पिनांचा प्लग, डाव्या बाजूने धावणारी वाहनं, दिवसातून चार वेळा दुधाचा चहा. नाशिकच्या मुलीला यातलं काहीच नवं नव्हतं. घरातली व्यवस्था तिनेच क्लीव्हलंडच्या मुलीला समजावून दिली.

गाडी चालवायचंच घ्या. अमेरिकेत सोळाव्या वर्षापासून गाडी चालवणाऱ्या या मुलीला इथे राहायला आल्यावर अमेरिकन परवान्याच्या बदल्यात आयरिश परवाना मिळत नाही. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, बारा सक्तीचे धडे, मग चाचणी. सगळं पहिल्यापासून. म्हणून सायकल. पंचवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना बसभाड्यात मोठी सवलत आहे, ती संपायच्या आत वापरून घ्यायची, असं तिने ठरवलंय.

घरी फोन रात्री होतो. क्लीव्हलंड पाच तास मागे. पण मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं आधी पुढे सरकतात, आयर्लंडमधली त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा उरतो. त्या दिवसांत आईची कामावरून सुटायची वेळ आणि हिची झोपायची वेळ जरा जवळ येते. दोघी तेवढ्या काळात जास्त बोलतात.

अमेरिका आणखी एका वाटेने तिच्या मागे येते. अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला, तरी ठरावीक मर्यादेच्या वर कमाई असली की त्याला आपल्या देशात करविवरणपत्र भरावं लागतं. परदेशातल्या खात्यांमधली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. ती आयर्लंडमध्ये पगारावर कर भरते आणि दरवर्षी अमेरिकेलाही हिशोब देते.

(दृश्य : डब्लिन. लिफी नदीचा काठ, इमिग्रेशनच्या नोंदणी कार्यालयाबाहेरचा रस्ता.)

आता त्या कार्डाकडे येऊ. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला आयर्लंडमध्ये नव्वद दिवसांहून जास्त राहायचं तर नोंदणी करावी लागते. शुल्क ३०० युरो. मग हातात येतं निवास परवान्याचं कार्ड. त्यावर शिक्का कोणता, यावर आयुष्य ठरतं. दोघींच्या कार्डावर ‘१जी’ आहे. इथे पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांना नोकरी शोधायला आणि करायला दोन वर्षांपर्यंतची मुभा देणारा हा शिक्का. तो एका वेळी एका वर्षाचा मिळतो. ती मुदत संपायच्या आत कंपनीने कामाचा परवाना काढून दिला तर राहता येतं, नाहीतर सामान आवरायचं.

आयरिश नागरिकत्वाचं काय? आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेले असतील, तर नोंदणी करून नागरिक होता येतं. खापरपणजीचं नातं तिथवर पोहोचत नाही. कोट्यवधी अमेरिकन स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात, पण कायद्यापुरती ही मुलगी नाशिकच्या मुलीच्या शेजारी, त्याच रांगेत उभी आहे.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. रंगीत पेनाच्या खुणा.)

या कॅलेंडरपाशी थोडं थांबायला हवं, कारण क्लीव्हलंडच्या मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल इथे आहे.

अमेरिकेत खासगी नोकरीत पगारी रजा द्यायलाच हवी, असा कोणताही संघराज्यीय कायदा नाही. कंपनी देते तेव्हा ती कंपनीची मर्जी. बऱ्याच ठिकाणी आजारपणाची आणि फिरायला जायची रजा एकाच खात्यात असते. ताप आला की सहल कमी होते. तिची आई वर्षभर रजा साठवायची आणि डिसेंबरात कुणीतरी आजारी पडायचं.

आयर्लंडमध्ये १९९७ च्या कायद्याने पूर्णवेळ कामगाराला वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यावर दहा सार्वजनिक सुट्ट्या. दहावी २०२३ पासून सुरू झाली, सेंट ब्रिजिडच्या नावाची, फेब्रुवारीतली. आजारपणाची पगारी रजाही त्याच वर्षापासून कायद्याने वेगळी मिळू लागली. आणि एक तरतूद तर तिला वाचूनही खरी वाटेना : रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरांचा दाखला आणलात, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. तिने कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जाऊन हे पुन्हा विचारलं. तिथल्या बाईंना प्रश्नच कळेना. रजेवर आजारी पडला तर तो आजारी, त्यात विचारायचं काय?

माणसाला विश्रांतीचा हक्क असतो, ती मागून घ्यायची मेहेरबानी नसते, हे पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा समजणं ही फार मोठी गोष्ट आहे. पहिले काही महिने तिने एकही रजा घेतली नव्हती. मग वरिष्ठांनीच बोलावून सांगितलं, वर्ष संपायच्या आत रजा घे.

म्हणून हे कॅलेंडर. हिरव्या खुणा सार्वजनिक सुट्ट्यांच्या, निळ्या रजेच्या. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी एक निळी खूण आहे. त्या दिवशी थँक्सगिव्हिंग. गॉलवेत तो साधा कामाचा दिवस. नाताळच्या महिनाभर आधी अख्खी टर्की मिळवायची म्हणजे खाटकाकडे खास सांगून ठेवावं लागतं. गेल्या वर्षी चौघांनी कोंबडीवर भागवलं, आणि नाशिकच्या मुलीने तिच्यासोबत मसालेभात केला.

(दृश्य : पहाटेचा बसथांबा. पाठीवर एकच सॅक.)

आता प्रवास. गॉलवेच्या विमानतळावरून २०११ नंतर नियमित प्रवासी विमान नाही. जवळचे पर्याय शॅनन आणि नॉक. पण बहुतेक स्वस्त तिकिटं डब्लिनहून. सकाळी लवकरच्या विमानासाठी मध्यरात्रीनंतरची बस, अडीच तासांचा रस्ता, सीटखाली मावेल एवढीच सॅक. क्लीव्हलंडची मुलगी अशीच क्राकूव्हला गेली, कोपनहेगनला गेली. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, पण अमेरिकन पासपोर्टवर तिथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. तिच्यासाठी युरोप म्हणजे शुक्रवारी रात्री ठरवायचा बेत.

नाताळात ती घरी जाते. एअर लिंगसने २०२३ मध्ये डब्लिनहून क्लीव्हलंडला थेट विमान सुरू केलं. अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी डब्लिनलाच उरकते. अमेरिकन अधिकारी इथेच पासपोर्ट पाहतात आणि पलीकडे ती देशांतर्गत प्रवाशासारखी उतरून सरळ बाहेर पडते. नाशिकची मुलगी दुबई किंवा अबू धाबीमार्गे मुंबई, आणि मग कसारा घाट चढून घरी.

तेच कार्ड, तोच पगार, तेच भाडं. पण भिंतीवर दोघींसाठी युरोपचे दोन वेगळे नकाशे लावावे लागतील. नाशिकच्या मुलीला लिस्बनला जायचं तर शेंगेन व्हिसा हवा. शुल्क ९० युरो. शिवाय बँकेची विवरणं, विमा, कंपनीचं पत्र, आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेलं आयरिश कार्ड. ज्याचं कार्डच वर्षभराचं, त्याला ही शेवटची अट जड जाते. शिवाय अपॉइंटमेंट मिळायला हवी.

डेरीचं उदाहरण तर मनाला लागतं. गॉलवेहून डेरीला साधी बस जाते. सीमेवर चौकी नाही, फाटक नाही. फलकांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात तेवढंच. पण डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकनला तिथे व्हिसा लागत नाही. भारतीयाला लागतो, बस कुणी थांबवो वा न थांबवो. मागच्या ऑगस्टमध्ये घरातल्या बाकी तिघांनी डेरीचा बेत केला होता. हे कळल्यावर क्लीव्हलंडच्या मुलीने आपलं तिकीट रद्द केलं. ही व्यवस्था तिने बनवलेली नाही, तिचा फायदा मात्र तिला जन्मतः मिळालाय, हे तिला त्या दिवशी स्पष्ट दिसलं. मला तिचं ते तिकीट रद्द करणं फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे. दगडी कुंपणं, मेंढ्या, उजवीकडे डोंगर, डावीकडे क्ल्यू बे.)

मग दोघींनी नकाशा घेतला आणि दोघींना व्हिसाशिवाय जाता येईल असं ठिकाण शोधलं. मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते. शुक्रवारी अर्धा दिवस, गॉलवेहून बसने वेस्टपोर्ट. तिथे भाड्याच्या सायकली. तिथून ॲकिलपर्यंत ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. मोटारींची वर्दळ नाही, चढ सौम्य. कारण हा मुळात रेल्वेचा मार्ग.

या रेल्वेची कहाणी जड आहे. १८९४ च्या जूनमध्ये स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेली ॲकिलची माणसं होडी उलटून क्ल्यू बेमध्ये बुडाली. ३२ जण गेले. मार्ग तेव्हा नुकताच पुरा होत होता, आणि त्यावरून ॲकिलकडे आलेल्या पहिल्या गाडीत त्यांचे मृतदेह होते. १९३७ मध्ये मार्ग बंद पडला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या करकिंटिलॉक गावी आग लागून बटाटे काढायला गेलेली ॲकिलची दहा तरुण मुलं गेली. त्यांचेही देह याच मार्गाने घरी आले. पोटासाठी बाहेर पडलेल्यांचा हा रस्ता आहे. त्यावरून आता दोन मुली सायकलने जाणार आहेत, त्याही पोटासाठीच घरापासून लांब आलेल्या.

ॲकिलवर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी-शंभर दगडी घरांचं ओसाड गाव आहे. छपरं नाहीत, भिंती आहेत. क्लीव्हलंडच्या मुलीने १९०१ ची आयरिश जनगणना तपासून पाहिली, ती इंटरनेटवर मोफत आहे. तिचे पूर्वज त्याआधीच निघालेले. त्यापूर्वीच्या जनगणनांचे बहुतेक कागद आज शिल्लक नाहीत. घर सापडेल अशी तिची अपेक्षा नाही. तिला कीम बेच्या थंडगार पाण्यात उडी मारायचीय, आणि मेमध्ये नऊनंतरही उजेड असतो तोवर बाहेर बसायचंय. नाशिकची मुलगी पाण्यात उतरणार नाही, असं तिने आत्ताच सांगून टाकलंय.

मंगळवारी सकाळी दोघींना कामावर हजर व्हायचंय. जूनमध्ये दोघींच्या कार्डांचं नूतनीकरण. ते हातात आलं की नाशिकची मुलगी व्हिसासाठी अर्ज करेल. सप्टेंबरातल्या लिस्बनचं तिकीट सध्या स्वस्त दिसतंय, पण क्लीव्हलंडच्या मुलीने ते काढलेलं नाही. व्हिसा आला की दोन तिकिटं एकदम काढायची, असं ठरलंय.