तांबं बाहेर काढायचं कुठून? झांबिया, चीन आणि १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग

नमस्कार मंडळी! आज आधी नकाशा बघू, मग गप्पा.

[पडद्यावर: आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाचा नकाशा]

हा मधला फुलपाखरासारखा आकार दिसतोय ना, तो झांबिया. आठ शेजारी आणि समुद्र कुठेच नाही. आणि इथे वर, काँगोच्या सीमेला लागून जो पट्टा आहे, तो कॉपरबेल्ट. किटवे, एन्डोला, चिंगोला, चांबिशी ही सगळी गावं खाणींवर उभी आहेत. देशाच्या निर्यातीत सगळ्यात मोठा वाटा तांब्याचा. आता तांबं काही खिशात घालून नेता येत नाही. ते टनांनी निघतं, त्याला बंदर लागतं आणि बंदर कायम दुसऱ्याच्या देशात. झांबियाचा राष्ट्राध्यक्ष कोणीही असो, सकाळी उठल्यावर त्याला पहिला प्रश्न हाच पडत असणार, की आपला माल बाहेर जाणार कुणाच्या अंगणातून?

हा प्रश्न डोक्यात ठेवा, म्हणजे चीन आणि झांबियाची सगळी गोष्ट सरळ समजते.

२४ ऑक्टोबर १९६४ ला झांबिया ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला. राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा. पाचच दिवसांनी, २९ तारखेला, चीनशी राजनैतिक संबंध जुळले. तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. खरी पंचाईत झाली पुढच्या वर्षी. दक्षिणेचा शेजारी ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे. तिथल्या गोऱ्या अल्पसंख्याकांचं सरकार, पंतप्रधान इयान स्मिथ. त्यांनी ११ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनपासून परस्पर स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं, काळ्या बहुसंख्याकांना मताचा अधिकार न देता. जगानं निर्बंध घातले. आणि झांबियाचं तांबं जायचं मुख्यतः ऱ्होडेशियाच्याच रुळांवरून. कोळसा, पेट्रोल यायचं तेही तिकडूनच.

म्हणजे ज्याच्याशी वैर, त्याच्याच दारातून ये-जा.

मग सुरू झाली ट्रकची धावपळ. टांझानियाच्या दार-ए-सलाम बंदरापर्यंतच्या कच्च्या रस्त्यावरून जाताना तांबं, येताना पेट्रोलची पिंपं. इतके अपघात झाले की त्या रस्त्याला लोक ‘हेल रन’ म्हणायला लागले, नरकाची वाट.

रेल्वे हवी होती, आणि ती टांझानियातून. जागतिक बँकेनं १९६४ मध्येच सांगितलं होतं, परवडणार नाही. ब्रिटन, अमेरिका कुणीच पैसे काढेना. आता खरं सांगतो, नुसता हिशोब बघितला तर त्यांचं चूक नव्हतं. दक्षिणेकडे चालू रेल्वे असताना शेकडो मैल रानातून दुसरी कशाला? पण दक्षिणेकडची रेल्वे वापरायची म्हणजे स्मिथपुढे मान खाली घालायची, हा खर्च त्या हिशोबात कुठेच मांडलेला नव्हता.

टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे फेब्रुवारी १९६५ मध्ये बीजिंगला गेले. चीननं तयारी दाखवली. कौंडा मात्र बिचकत होते, कम्युनिस्टांचे पैसे घेऊ की नको. शेवटी तेही १९६७ मध्ये गेले आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला करार झाला.

इथे जरा थांबू या. १९६७ चा चीन म्हणजे आजचा चीन नव्हे. सांस्कृतिक क्रांतीची धामधूम चालू. संयुक्त राष्ट्रांत चीनची खुर्ची तैवानकडे. दरडोई उत्पन्न पाहिलं तर चीन तेव्हा झांबियापेक्षा गरीब होता! आणि त्या गरीब देशानं ९८ कोटी ८० लाख युआनचं कर्ज देऊ केलं. बिनव्याजी, फेड तीस वर्षांत.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मजुरीची तजवीज. रूळ, इंजिनं, यंत्रं चीनहून येतील, ठीक. पण स्थानिक मजुरांना पगार द्यायचा तर शिलिंग आणि क्वाचा, म्हणजे या दोन देशांची चलनं हवीत, आणि चीनकडे ते कुठून येणार? तोडगा असा निघाला: चीन रोजच्या वापराचा माल बोटीनं पाठवणार, तो टांझानिया-झांबियाच्या दुकानांत विकला जाणार, आणि त्या विक्रीचे पैसे बांधकामाच्या स्थानिक खर्चाला. म्हणजे बघा, मजुरानं पगार घेतला, दुकानात जाऊन चिनी वस्तू घेतली, आणि तेच पैसे फिरून पुढच्या पगाराच्या पेटीत. चिनी मालाला गिऱ्हाईक मिळालं ते वेगळंच.

काम सुरू झालं १९७० मध्ये. एकूण १,८६० किलोमीटर, दार-ए-सलामपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत. बावीस बोगदे, तीनशेच्या वर पूल. टांझानियातला म्लिंबा ते माकांबाको हा टप्पा म्हणजे घाटच, बहुतेक बोगदे तिथेच. काही वर्षांत मिळून हजारो चिनी कामगार आणि तंत्रज्ञ येऊन गेले, त्यांच्या बरोबरीनं त्याहून कितीतरी जास्त आफ्रिकी मजूर. साठहून जास्त चिनी माणसं इथेच गेली. दार-ए-सलामजवळ गोंगो ला म्बोटोला त्यांची दफनभूमी आहे. चिनी मंत्री आले की तिथे फुलं वाहायला जातात, अजूनही.

आता एक बारीक गोष्ट. दोन रुळांमधलं अंतर. टांझानियाची जुनी रेल्वे मीटर गेज, म्हणजे एक हजार मिलिमीटर. ताझारा, हे या नव्या रेल्वेचं नाव, ती बांधली १,०६७ मिलिमीटरची. का? कारण झांबिया आणि त्याच्या दक्षिणेला सगळीकडे तेच माप. फरक फक्त ६७ मिलिमीटर, हाताच्या चार बोटांएवढा. पण त्यामुळे टांझानियाच्याच भूमीवर टांझानियाची जुनी गाडी ताझारावर चढू शकत नाही. हे १,०६७ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि अमेरिका काय करत होती? तिनं त्याच दिशेचा डांबरी रस्ता बांधायला पैसे दिले! एकीकडे चिनी रूळ, दुसरीकडे अमेरिकी डांबर. झांबियानं दोन्ही घेतले. मी असतो तर मीही घेतले असते.

चीनला काय मिळालं? २५ ऑक्टोबर १९७१, संयुक्त राष्ट्रांची आमसभा. तैवानला बाहेर काढून बीजिंगला जागा द्यायची का, यावर मतदान. ७६ बाजूनं, ३५ विरोधात. ठराव मांडणाऱ्यांत टांझानिया आणि झांबिया दोघंही होते. रेल्वेच्या बदल्यात मत, असं सरळ म्हणणं उथळ होईल, कारण इतर बऱ्याच आफ्रिकी देशांनीही बाजूनंच मत दिलं. पण मैत्री फुकट गेली नाही एवढं नक्की. कौंडा चीनला ‘बारमाही मित्र’ म्हणायचे, आणि तो शब्द झांबियाच्या राजकारणात आजही फिरतो.

फेब्रुवारी १९७४ मध्ये तर माओंनी आपला ‘तीन जगां’चा सिद्धांत कौंडांसमोरच बोलून दाखवला. अमेरिका आणि रशिया पहिलं जग, युरोप-जपान दुसरं, आणि आपण सगळे तिसरं. आजची महासत्ता तेव्हा झांबियाच्या शेजारी बसून स्वतःला तिसऱ्या जगात मोजत होती.

जुलै १९७६ मध्ये रेल्वे रीतसर ताब्यात मिळाली. आणि नेमका तेव्हाच तांब्याचा भाव पडलेला. वर रेल्वेची रड सुरू. घाटात चिनी इंजिनांचा दम निघायचा, नंतर जर्मन बनावटीची आणावी लागली. दार-ए-सलाम बंदरात मालाची कोंडी. १९७८ मध्ये पेरणी तोंडावर आली आणि खत बंदरात अडकून पडलं, तेव्हा कौंडांनी काय केलं? ऱ्होडेशियाची सीमा परत उघडली. ज्या दारातून जायचं नाही म्हणून एवढा खटाटोप, तेच दार! पुढच्याच वर्षी ऱ्होडेशियाच्या सैन्यानं चांबेशी नदीवरचा ताझाराचा पूल उडवला. झिंबाब्वे स्वतंत्र झाला, मग दक्षिण आफ्रिकेतही वर्णभेदाचं राज्य गेलं, ट्रक सुसाट सुटले आणि ताझाराची गिऱ्हाइकं पांगली. वर्षाला वीस लाख टन माल वाहायला बांधलेली रेल्वे २०१५ च्या सुमाराला एक लाख टनांच्याही खाली आली होती.

[पडद्यावर: चांबिशी]

पुढचा अंक खाणींचा. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यात दुःख जास्त आणि नवल कमी. नव्वदच्या दशकात सरकारी खाणी विकायला निघाल्या. १९९८ मध्ये चांबिशीची खाण चीनच्या सरकारी कंपनीनं घेतली. २००५ मध्ये तिथल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून जास्त झांबियन कामगार गेले. पुढच्याच वर्षी निवडणूक आणि विरोधी नेते मायकेल साटा यांनी चीनविरोधाचा झेंडा उचलला. इतका, की चीनच्या राजदूतानं जाहीरपणे संबंध तोडण्याची भाषा केली. साटा हरले. २००७ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ झांबियात आले, पण निदर्शनांच्या धास्तीनं कॉपरबेल्टला गेलेच नाहीत.

आणि २०११ मध्ये साटा जिंकले. आता काय होणार? काही नाही. त्यांनी चिनी मंडळींना अध्यक्षांच्या निवासस्थानी जेवायला बोलावलं आणि बीजिंगला खास दूत म्हणून म्हाताऱ्या कौंडांना पाठवलं. प्रचारसभेतली घोषणा खुर्चीपर्यंत पोचता पोचता किती मऊ होते, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

आता कर्ज. इथे नीट ऐका, कारण ‘चीनचा कर्जाचा सापळा’ हे दोन-तीन शब्द टाकले की व्हिडिओ चालतो, पण त्यात झांबिया बिचारा कोकरू ठरतो. तसं नव्हतं.

२००५-०६ च्या सुमाराला झांबियाचं बहुतेक जुनं विदेशी कर्ज माफ झालं. पाटी कोरी. मग तांब्याचा भाव चढला आणि २०१२, २०१४, २०१५ असे तीनदा सरकारनं आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकले, एकूण तीन अब्ज डॉलरचे. ते घेणारे मुख्यतः पाश्चिमात्य फंड. त्याच काळात चीनच्या बँकांकडून विमानतळ, रस्ते, धरणं. काफ्वे गॉर्ज लोअरचा ७५० मेगावॉटचा वीज प्रकल्प त्यातलाच. सह्या झांबियाच्याच मंत्र्यांच्या. पण चिनी करारांत गुप्ततेची कलमं असायची, त्यामुळे एकूण देणं किती, हे झांबियाच्या लोकांनाच धड कळत नव्हतं. माझ्या मते खरा दोष इथे आहे, दोन्ही बाजूंचा.

नोव्हेंबर २०२०. रोख्यांच्या व्याजाचा ४ कोटी २५ लाख डॉलरचा हप्ता भरायचा होता. रोखेधारकांकडे सवलत मागितली. ते म्हणाले, आम्ही सूट द्यायची आणि तुम्ही तो पैसा चीनला द्यायचा? चीनच्या बँकांना वाटत होतं, आधी आमची थकबाकी बघा. दोन सावकार एकमेकांकडे संशयानं बघत बसले आणि हप्ता चुकला. कोविडच्या काळात बुडालेला पहिला आफ्रिकी देश.

२०२१ मध्ये हकाइंडे हिचिलेमा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. घेणेकऱ्यांची समिती बसली, तिचे सहअध्यक्ष चीन आणि फ्रान्स. जून २०२३ मध्ये पॅरिसमध्ये तोडगा निघाला: ६.३ अब्ज डॉलरची पुनर्रचना. त्यातले ४.१ अब्ज एकट्या चीनच्या एक्झिम बँकेचे. मुदत २०४३ पर्यंत, पहिली बरीच वर्षं व्याज एक टक्का. मुद्दलात कात्री मात्र नाही. मुदत वाढवू, व्याज कमी करू, पण दिलेला आकडा वहीतून खोडायचा नाही, ही चीनची रीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये हिचिलेमा चीनला गेले, आणि पहिला मुक्काम बीजिंग नाही, कारखान्यांचं शहर शेन्झेन! ‘आम्हाला कर्ज नको, कारखाने द्या’ हे सांगायचं असेल तर याहून चांगलं गाव नाही.

पण कारखान्यांचीही किंमत असते. १८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीजवळ एका चिनी मालकीच्या खाण कंपनीचा बांध फुटला. तांबं काढल्यावर उरलेलं आम्लाचं पाणी नाल्यातून काफ्वे नदीत. काफ्वेच्या खोऱ्यात देशातली निम्म्याहून जास्त माणसं राहतात. किटवे शहराचा नळ बंद करावा लागला आणि नदीत मेलेले मासे तरंगत होते.

आता परत नकाशा.

[पडद्यावर: पश्चिमेला लोबिटो, पूर्वेला दार-ए-सलाम]

विजेवर चालणाऱ्या गाड्या, बॅटऱ्या, सगळ्याला तांबं हवं, म्हणून झांबिया पुन्हा सगळ्यांच्या नजरेत आहे. अमेरिकेनं पश्चिमेकडची वाट धरली: अंगोलाचं लोबिटो बंदर. तिथल्या रेल्वेसाठी ५५ कोटी डॉलरचं कर्ज, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जो बायडन स्वतः अंगोलात. गंमत अशी, की ही अंगोलातली रेल्वे यादवीत उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा उभी केली होती चीननं. आणि चीन? तो पूर्वेला, ताझारावर. २०२५ मध्ये तीस वर्षांचा करार झाला, १.४ अब्ज डॉलर. या वेळी बिनव्याजी मैत्री नाही. चिनी कंपनी रेल्वे दुरुस्त करणार, चालवणार आणि भाड्यातून पैसे वसूल करणार.

आणि आता ते १,०६७. लोबिटोची रेल्वेही त्याच मापाची आहे. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी पर्यटक गाडीनं दार-ए-सलामहून निघून झांबिया आणि काँगो ओलांडून थेट लोबिटो गाठलं, एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत, डबा न बदलता. किटवेत भरलेली तांब्याची वॅगन दोन्हीकडे जाऊ शकते. झांबियाच्या राजधानीत, ल्युसाकात, आज भाव चालू आहे तो त्याच वॅगनचा.