कानानं शिकलेला कवी

मायबापहो,

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे आपले तुकडोजी महाराज, जन्मले. वडील शिवणकाम करायचे. शाळा झाली तिसरीपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी या पोराला ‘तुकड्या’ म्हटलं आणि तेच नाव पुढं भजनांच्या शेवटच्या ओळीत बसलं.

तिसरी शिकलेला माणूस एवढं लिहितो कसा, असं लोक नवलानं विचारतात. मी म्हणतो, आधी खंजिरी हातात घेऊन पाहा. लाकडाचं लहानसं कडं, एका अंगाला कातडं, कडेला झांजा. पावसाळ्यात कातडं ओलावतं, आवाज बसतो, मग चुलीपाशी धरून शेकावं लागतं. अशी खंजिरी वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या माणसाला ओळ कुठं लांबली, कुठं आखडली, हे मात्रा न मोजता कळतं. महाराजांची शाळा ती होती.

१९३५ मध्ये मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ च्या चळवळीत चिमूर पेटलं, महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरचा तुरुंग त्यांनी पाहिला. भजन म्हणणाऱ्या माणसाची सरकारला धास्ती वाटावी, याहून मोठी दाद कवीला कोणती?

पण मला बोलायचं आहे ते महाराजांच्या ‘ग्रामगीता’ या ओव्यांच्या ग्रंथावर. ४१ अध्याय. त्यात गावाची सफाई आहे, लग्नातला खर्च आहे, बायकांचं शिक्षण आहे. काही जाणकार म्हणतात, हा उपदेश झाला, काव्य कुठं आहे? मला हे मुळीच पटत नाही. ते ग्रामगीता डोळ्यांनी वाचतात. ती लिहिलीय कानासाठी. एकानं वाचायचं आणि अक्षर न येणाऱ्या पन्नास जणांनी ऐकायचं, हे धरून महाराजांनी ओवी घेतली. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. तीनदा यमक आलं की ऐकणारा सरसावून बसतो, चौथ्याला गोष्ट मनात पक्की होते. शेणखताच्या खड्ड्याची गोष्टसुद्धा अशी लक्षात राहते, बाप्पा!

माझ्या आजीला सही येत नव्हती. मी सातवीत असताना मारुतीच्या ओट्यावर कंदील ठेवून ग्रामगीता वाचायचो. एकदा झोप आली होती, घाईत एक चरण गळला. आजी खांबाला टेकून वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “बापू, तिसरं चरन खाल्लं तुनं.”

पुस्तकात पाहिलं, तर खरंच खाल्लं होतं. अर्थ तुटला म्हणून तिनं टोकलं नव्हतं. तिसऱ्यांदा यमक यायला हवं होतं, ते आलं नव्हतं. मी ओवी पुन्हा पहिल्यापासून धरली. चौथ्या चरणाला अख्खा ओटा माझ्याबरोबर म्हणत होता.