रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके का फुटतात?

मंडळी, नवा सायलेन्सर बसवल्यावर पहिल्याच उतारावर रेस सोडली की मागून फट्-फट्-फट् सुरू होतं. गाडी गॅरेजात गेली की बहुतेक वेळा पहिला हात मेन जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मोठ्या भोकाच्या तुकड्याला, लागतो. तो बदलून काही फरक पडत नाही, मग त्याहून मोठा घालतात, गाडी पेट्रोल पिऊ लागते आणि फटाके तसेच राहतात. कारण साधं आहे. रेस पूर्ण सोडलेली असताना मेन जेटमधून पेट्रोल जातच नाही. त्या वेळी इंजिन फक्त स्लोच्या (रेस न देता इंजिन चालतं त्या) मार्गावर, म्हणजे पायलट जेट या छोट्या जेटवर आणि त्याच्या स्क्रूवर चालतं. म्हणून मेन जेट आज बाजूला ठेवू.

आधी आवाज होतो कसा ते बघू. समजा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, इंजिन ४,००० आरपीएमवर आहे आणि तुम्ही रेस सोडली. कार्बोरेटरचा रस्ता जवळजवळ बंद झाला, पण चाक इंजिनला फिरवतंच आहे. सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण अगदी थोडं येतं आणि मागच्या फेरीचा जळका वायू बराच उरलेला असतो. अशा पातळ मिश्रणाला प्लगची ठिणगी नेहमीच पेटवू शकत नाही. ते न जळताच बेंड पाइपात, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपात, जातं. पाइप तापलेला आहे, पेट्रोल आहे. आता फक्त हवा हवी. ती मिळाली की बार उडतो. पेट्रोल, हवा आणि उष्णता यांपैकी एक गोष्ट काढून घेतली की आवाज बंद. उष्णता काढता येत नाही, म्हणून आपलं सगळं काम उरलेल्या दोघांवर.

हवा येते कुठून? इंजिन तर बाहेर फेकतं, आत ओढत नाही, असं आपल्याला वाटतं. पण एक्झॉस्टचा प्रत्येक झोत पुढे गेला की त्याच्यामागे कमी दाबाची लाट येते, आणि त्या क्षणी कुठेही फट असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते. केसाएवढी फटही पुरते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जोड, मग हवेची झडप, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला की दोन-दोन दिवस फुकट जातात.

जोड दोन ठिकाणी असतात. पहिला हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, दुसरा बेंड पाइप आणि सायलेन्सर यांच्यामध्ये. रॉयल एनफील्डच्या ॲल्युमिनियम इंजिनच्या बुलेट आणि क्लासिकमध्ये हेडचा जोड दोन स्टडांवर बसतो आणि मध्ये पॅकिंग असतं. हे पॅकिंग एकदा दाबलं गेलं की त्याचं काम संपलं. पाइप काढला तर पॅकिंग नवंच घाला. जुनं उलटं करून घातलेलं टिकत नाही. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटमध्ये पाइप हेडात नुसता ठोकून बसवलेला असतो. तिथे पाइप आणि हेडाचं भोक दोन्ही झिजलेली असतात, आणि बाजारातला पाइप जरा सैल निघाला तर फटाके ठरलेले.

दुसरा जोड जास्त दगा देतो. बाहेरच्या सायलेन्सरचं तोंड कंपनीच्या बेंड पाइपपेक्षा एखादा मिलिमीटर मोठं असतं. क्लॅम्प आवळला की वरून घट्ट वाटतं, पण आत एका बाजूला चंद्रकोरीसारखी फट राहते. क्लॅम्प आणखी आवळून ती भरत नाही, फक्त पत्रा चेपतो. तिथे योग्य मापाची ग्राफाइटची रिंग किंवा स्लीव्ह लागते, आणि वर उच्च तापमानाचा एक्झॉस्ट सीलंट. घरात नळाला लावतात ते साधं सिलिकॉन तिथे पहिल्या फेरीतच जळतं.

बसवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. सगळे नट आधी हातानेच लावायचे. सायलेन्सर ब्रॅकेटवर सैल टांगायचा, मग हेडचे दोन नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, त्यानंतर मधला क्लॅम्प, आणि ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी. ब्रॅकेट आधी आवळला तर पाइप ताणात राहतो, हेडचं पॅकिंग एका बाजूने उचललं जातं, आणि महिन्याभरात स्टड तरी तुटतो नाहीतर वेल्डिंग तरी तडकतं. ॲल्युमिनियमच्या हेडात जोर लावून नट आवळू नका. आटे गेले तर हेड मशीनवर न्यावं लागतं. शंभरेक किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, पुन्हा एकदा सगळे नट बघा. पॅकिंग बसलेलं असतं आणि नट थोडे तरी सैल झालेले असतात.

फट शोधायची कशी? थंड इंजिन चालू करा आणि लगेच पेटलेली उदबत्ती जोडाभोवती हळूहळू फिरवा. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी बघा. धूर आत ओढला गेला किंवा झटके देऊ लागला तर फट तिथेच. दुसरी खूण त्याहून सोपी: काही दिवस चाललेल्या गाडीच्या जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसते. इनटेकची बाजूही विसरू नका. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला रबराचा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं उन्हात आणि उष्णतेत तडकतो. स्लोवर गाडी चालू ठेवून त्याच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलला तर तो रबर बदला. त्या फटीतून शिरलेली हवा मिश्रण आणखी पातळ करते, मग न पेटलेलं पेट्रोल वाढतं.

आता हवेची झडप. अनेक गाड्यांत एअर फिल्टरपासून हेडच्या एक्झॉस्टपर्यंत एक रबरी नळी जाते. प्रदूषण कमी व्हावं म्हणून उरलेलं पेट्रोल पाइपातच जाळायला कंपनीनेच मुद्दाम हवा सोडलेली असते. रेस सोडली की इनटेकच्या व्हॅक्यूमने ही झडप बंद व्हायला हवी, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी हवा थांबते. व्हॅक्यूमची बारीक नळी निसटली, फाटली किंवा आतला पडदा गेला की झडप उघडीच राहते. सायलेन्सर बदलताना ही नळी धक्क्याने निघालेली असण्याची शक्यता बरीच, तेव्हा आधी तिथे बघा. पुष्कळ जण या नळीत छर्रा घालून ती कायमची बंद करतात. तपासणीपुरतं हे जरूर करा: नळी बंद करून एक फेरी मारा, फटाके थांबले तर दोष झडपेत आहे हे पक्कं झालं. मग छर्रा काढा आणि झडप दुरुस्त करा. छर्रा ठेवून दिला तर धुराड्यातून न जळलेलं पेट्रोल जास्त जातं आणि पीयूसीला गाडी अडते.

एवढं झाल्यावरच कार्बोरेटर. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे की जाड (पेट्रोल जास्त) हे ओळखायची एक चांगली रस्त्यावरची चाचणी आहे. मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने रेस सोडा आणि चोक किंचित ओढा. फटाके कमी झाले तर मिश्रण पातळ आहे. वाढले तर जाड. पातळ मिश्रणाचे आवाज सुकी पानं चुरगळल्यासारखे जलद, तर जाड मिश्रणाचे भारी, अंतराने येणारे असतात.

पातळ निघालं तर पायलटचा स्क्रू. हा स्क्रू कार्बोरेटरच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा, कारण अर्थ उलटा होतो. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर फिरवला की मिश्रण जाड. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की जाड. मिकुनी कंपनीच्या बीएस मालिकेच्या कार्बोरेटरवर या स्क्रूवर पितळी झाकण ठोकलेलं असतं. ते काढताना ड्रिल अगदी उथळ मारा, नाहीतर खालचा स्क्रूच खराब होतो.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. स्क्रू हळूच आत टेकवा, जोराने नाही, टोक तुटलं तर बैठकही जाते. किती फेऱ्या आत गेला ते लिहून ठेवा. आता दीड-दोन फेऱ्या बाहेर काढून सुरुवात करा आणि पाव-पाव फेरीने पुढे जा. स्लो सर्वांत जास्त जिथे चढतो ती जागा शोधा, तिथून जाड बाजूला आणखी पाव फेरी द्या आणि स्लोचा स्क्रू कमी करून बुलेटसारख्या गाडीत १,०५० आरपीएमच्या आसपास आणा. मग फेरी मारून ऐका. स्क्रू इंजिनच्या बाजूचा असेल आणि तीन फेऱ्यांपलीकडे न्यावा लागत असेल तर पायलट जेट लहान पडतोय. जेटवर कोरलेला आकडा वाचा आणि त्याच्या एकच पायरी वरचा घ्या. मिकुनीत ही पायरी साधारण २.५ ची असते. एका वेळी एकच बदल, ही शिस्त मोडली की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

पेट्रोलचाही भाग आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेली कार्बोरेटरची गाडी नव्या पेट्रोलवर आपोआप पातळ चालते, वर मोकळा सायलेन्सर. उंचीचा परिणाम उलटा: चिपळूणला पातळ वाटणारी गाडी महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, बरीच शहाणी वाटते, कारण तिथली हवा विरळ आहे. जिथे रोज चालवता तिथेच सेटिंग करा.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे कार्बोरेटरऐवजी संगणक पेट्रोल सोडतो तिथे, जेट नाहीत, पण जोडांचं महत्त्व तिथे दुप्पट आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर बाहेरची हवा सेन्सरला दिसते, संगणकाला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत जातो. फटाकेही वाढतात, ॲव्हरेजही पडतं. बाहेरच्या बेंड पाइपला सेन्सरचं भोकच नाही म्हणून सेन्सर मोकळा लोंबकळत ठेवलेला असेल, तर आधी योग्य आट्यांचा नट पाइपला वेल्ड करून घ्या. शिवाय रेस सोडली की बऱ्याच गाड्यांत संगणक पेट्रोल तोडतो, आणि आरपीएम खाली आल्यावर पुन्हा सुरू करतो. त्या पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी एखादा बार झाला तर तो दोष नाही. जोड ठीक असूनही त्रास असेल तर फ्युएल-एक्ससारखं पेट्रोलचं प्रमाण बदलणारं यंत्र किंवा संगणकातला पेट्रोलचा नकाशा (मॅप) बदलणं हा मार्ग आहे, पण आधी जोड.

सायलेन्सरच्या टोकाची आवाज कमी करणारी जाळी, जिला डीबी किलर म्हणतात, ती काढून टाकली असेल तर आधी परत बसवा. मोकळ्या तोंडातून हवा उलटी शिरणं तिने कमी होतं, आणि अनेकदा एवढ्यावरच भागतं. किल स्विच बंद-चालू करून मुद्दाम फटाके काढणं मात्र कृपा करून थांबवा. त्यात सिलिंडरभर न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं, आतली काचलोकर उडते आणि उत्प्रेरकाच्या जाळीचा चुरा होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

सगळं करूनही लांब घाट उतरताना अधूनमधून हलका फुटका आवाज राहिला, तर त्याच्यामागे धावू नका. तोच आवाज कंपनीच्या सायलेन्सरमध्येही होत होता, जाड भिंती आणि आतल्या पडद्यांमुळे ऐकू येत नव्हता इतकंच. तो पूर्ण मारायला पायलट आणखी जाड केला तर प्लग काळा पडतो, सकाळी गाडी गुदमरते आणि सिग्नलवर बंद पडते. प्लग काढून बघा: टोक फिकट तपकिरी असेल तर स्क्रूला हात लावू नका.