चिठ्ठ्यांचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

भातकापणी उरकली की आमच्या कोकणात दोन गोष्टी सुरू होतात, झोडणी आणि कबड्डी. खळ्याशेजारीच मैदान आखलं जातं, फक्कीच्या रेषा पडतात आणि गावोगावच्या संघांना वेध लागतात जिल्हा अजिंक्यपद निवड चाचणीचे. या चाचणीतून जिल्ह्याचा संघ निघतो आणि तो राज्य स्पर्धेला जातो. तिथे नाव झालं तर कुणाला पोलिसांत, कुणाला रेल्वेत नोकरी लागते. दिवसभर सुतारकाम करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या पोरासाठी ही चाचणी म्हणजे वर्षातून एकदाच येणारी एसटी. चुकली की पुढच्या वर्षी.

मी आधी खेळलो, मग गुडघा गेला आणि पंच झालो. पंच, सरपंच, गुणलेखक, सगळं करून झालं. सरपंच म्हणजे गावचा नव्हे हं, सामन्याचा. लोक मला विचारतात, पंच बाजू घेतात का हो? घेतात एखादे. पण पंचाने चुकीचा गुण दिला तर तो पाचशे माणसांच्या डोळ्यांदेखत देतो, लगेच गलका होतो. आदल्या रात्री कार्यालयात दार लावून जो सामना होतो, त्याला मात्र शिट्टी वाजवायला कुणी नसतं.

मी बोलतोय ते भाग्यपत्रिकेबद्दल. कोण कुणाशी, कधी, कुठल्या मैदानावर खेळणार तो कागद. नाव किती छान आहे बघा. पण भाग्य नशिबाने लिहावं, कार्यवाहाने नव्हे.

समजा चोवीस संघ आले आणि सरळ बाद पद्धत ठेवली. जोड्या नीट जुळायला सोळा किंवा बत्तीस संघ हवेत. बत्तिसांतून चोवीस गेले, उरले आठ. म्हणजे आठ संघांना पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळणार. आता हे आठ कोण? आणि गंमत अशी की यजमान संघ या आठांत हमखास सापडतो.

एकदा मी अशाच एका चाचणीला गुणलेखक होतो. भाग्यपत्रिका छापूनच हातात आली. यजमानांना पुढे चाल, आणि त्यांच्या अर्ध्या भागात ओळीने कच्चे संघ. दुसऱ्या अर्ध्यात गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते पहिल्याच दिवशी एकमेकांसमोर. चिठ्ठ्या कधी टाकल्या, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चहा घेतला, गुणपत्रिकेवर सही केली आणि घरी आलो. त्या वेळी मैदानाबाहेर बसलेला एक प्रशिक्षक माझ्याकडे नुसता बघत होता, ते अजून आठवतं.

बरं, बाद पद्धत नको म्हणून साखळी घेतली, तरी सुटका नाही. तीन-तीन संघांचे आठ गट पाडायचे आणि प्रत्येकातून दोन पुढे न्यायचे, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. एका गटात डोंगरवाले, खाडीवाले आणि बाजारवाले. डोंगरवाल्यांनी खाडीवाल्यांना ३०-२६ हरवलं. खाडीवाल्यांनी बाजारवाल्यांना २८-२६ हरवलं. राहिला शेवटचा सामना, डोंगर आणि बाजार. हा सामना बाजारवाल्यांनी ३३-३० जिंकला तर तिघांचा एकेक विजय, आणि निकाल गुणफरकावर. डोंगर अधिक एक, बाजार अधिक एक, खाडी उणे दोन. म्हणजे बाजारवाल्यांनी एक ते पाच यांतल्या कुठल्याही फरकाने जिंकावं, दोघेही पुढे आणि खाडीवाले घरी. हे गणित मैदानावरच्या प्रत्येकाला पाठ असतं. मग शेवटच्या पाच मिनिटांत चढाईपटू जातो, निदान रेषा, म्हणजे चढाई ग्राह्य धरायला ओलांडावीच लागते ती रेषा, तेवढी ओलांडतो आणि परत येतो. समोरचाही तेच करतो. कोपरारक्षक पकडीला हात घालत नाही. नियम कुणीच मोडलेला नसतो. खाडीवाली पोरं मात्र पिशव्या भरून रेषेबाहेर उभी असतात.

ही युक्ती काही आपणच शोधलेली नाही. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना होता. त्यांच्याच गटातल्या अल्जीरियाने आपले सगळे सामने आदल्या दिवशीच संपवले होते. जर्मनीने एका गोलने जिंकलं तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला सामना इकडून तिकडे चेंडू टोलवण्यात गेला. अल्जीरिया बाहेर पडला. ज्या अल्जीरियाने याच जर्मनीला २-१ हरवलं होतं! पुढच्या, म्हणजे १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायला लागले.

आता तिघांच्या गटात हे जमणारच नाही. दोघे खेळताना तिसरा बसलेलाच असणार. म्हणून माझं म्हणणं असं, की गट तिघांचा असेल तर त्यातून एकच संघ पुढे न्या. एकाच म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं मग एकमेकांची सोय बघायचं कारणच उरत नाही. हिशोबही परवडतो. साखळीचे चोवीस सामने, पुढे बादचे सात, एकूण एकतीस. दोन पुढे नेले तर एकोणचाळीस होतात. कबड्डीचा पुरुषांचा पूर्ण सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्यांतर धरून तासभर मैदान अडतं. सामने जास्त झाले की संयोजक रात्री दहाला ध्वनिक्षेपकावरून सांगतात, आता डाव दहा-दहा मिनिटांचे. सकाळी हरलेल्याला चाळीस मिनिटं मिळाली आणि रात्रीच्याला वीस, याला काय चाचणी म्हणायचं? एका पराभवात चांगला संघ बाहेर जाईल, हे मला मान्य आहे. पण तो खेळून हरेल.

वजनाचं आणि वयाचं थोडक्यात सांगतो. पुरुषांना ८५ किलोची मर्यादा, कुमारांना ७० किलो आणि वय वीसच्या आत. काटा एकच हवा, आणि तो सगळ्यांसमोर तपासलेला. मी एका गावात रेशन दुकानाचा काटा आणलेला पाहिलाय. त्यावर जाडे बारीक होत होते. वयाचं तर विचारू नका. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनचा, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख लिहिली. आताची पोरं जन्मदाखला घेऊन येतात, तेव्हा तो तरी चाचणीच्या आठवडाभर आधी पाहून घ्या. सामना संपल्यावर तक्रार आली की दोन गावांचं वैर दहा वर्षं पुरतं.

मॅटचाही प्रश्न आहेच. तालुक्याच्या ठिकाणी मॅट आली, वाडीतली पोरं अजून मातीत अनवाणी खेळतात. चाचणी मॅटवर असेल तर निदान आदल्या संध्याकाळी प्रत्येक संघाला पंधरा मिनिटं त्यावर पाय ठेवू द्या. आणि जे पहाटे चारला टेम्पोत बसून येतात, त्यांना सकाळी नऊचा सामना देऊ नका. तो यजमानांना द्या, ते घरून चहा पिऊन येतात.

१५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डीदिन करतो. हार घालतो, भाषणं होतात. पाऊस असतो, मैदानं रिकामी असतात, कुणाच्या हातात कुणाची पत्रिका नसते. हे सगळे नियम लिहून काढायला त्याहून बरा दिवस नाही. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया कशा द्यायच्या, हेसुद्धा त्याच कागदावर.

गेल्या हंगामात आमच्याकडच्या एका चाचणीला मी हट्टच धरला. आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या संघांचे व्यवस्थापक बसवले. गेल्या वर्षीचे पहिले चार संघ चार वेगळ्या गटांत आधीच लिहिले. बाकी वीस चिठ्ठ्या पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. चौथीतल्या एका मुलीला बोलावलं, ती एकेक चिठ्ठी काढत होती आणि यजमानांचे कार्यवाह फळ्यावर लिहीत होते. सातवी चिठ्ठी त्यांच्याच संघाची निघाली. गट पहिला, गेल्या वर्षीच्या विजेत्यांबरोबर. ते चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिले. मग फळ्याकडे वळले आणि लिहायला लागले. दोनदा खडू तुटला.

दुसऱ्या दिवशी यजमान सात गुणांनी हरले. दुपारी पंगतीत भात वाढायला त्यांचीच पोरं उभी होती.

नमस्कार.