कपाटाची चावी कुणाकडे असते?

नमस्कार मंडळी. मी जनावरांचा डॉक्टर, पण आज कुत्र्या-मांजरांचं नाही, जरा आमचं डॉक्टर लोकांचंच बोलतो.

केटामाइन नाव ऐकलं असेल, मांजरीचं ऑपरेशन करताना भुलीसाठी आम्ही ते रोज वापरतो. त्याची नशा करणारे वाढले म्हणून २०१३ मध्ये सरकारने ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत टाकलं, म्हणजे कपाटाला कुलूप आणि एकेका मिलीचा हिशेब. कागदावर एकदम कडक. पण माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलात औषध देणारा फार्मासिस्ट वेगळा, भूलतज्ज्ञ वेगळा, सर्जन वेगळा, आणि आमच्या छोट्या क्लिनिकात हे सगळं एकच माणूस, रजिस्टर लिहिणाराही तोच आणि चावीही त्याच्याच खिशात! त्यात दिवसभर ऑपरेशनं, रात्री दोनला फोन, आणि बारा वर्षं ज्या कुत्र्याला लसी दिल्या त्यालाच शेवटचं इंजेक्शन द्यायचं, घरचे रडतायत आणि आपण पुढच्या पेशंटला आत बोलवायचं. काही जण मग घरी जाऊन पितात, एखाद्याचा हात कपाटाकडे जातो.

मी आधी जिथे होतो तिथे एका ज्युनिअरच्या केटामाइनच्या नोंदींत 'वाया गेलं' हा शेरा जरा जास्तच दिसायला लागला. सगळ्यांना कळत होतं हो, मलाही. मालकांनी त्याला आत बोलावलं, राजीनामा लिहून घेतला, वर चांगलं सर्टिफिकेट दिलं, बदनामी नको म्हणून. महिन्याभरात तो दुसऱ्या क्लिनिकात, तिथेही तसंच कपाट. आम्ही त्याला वाचवलं की पुढे ढकललं, सांगा तुम्हीच.

ब्रिटनमध्ये व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या कौन्सिलचा हेल्थ प्रोटोकॉल आहे, व्यसनात अडकलेला डॉक्टर उपचाराला तयार असेल, नशेची टेस्ट देत असेल, कामावर कुणाच्या देखरेखीखाली राहत असेल तर प्रकरण शिस्तभंगाच्या सुनावणीपर्यंत न नेताही हाताळता येतं. नोकरी काढून घ्यायच्या आधी चावी काढून घ्या, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आता माझ्याकडे औषध वाया गेलं तर दोन सह्या लागतात, त्यातली एक माझी असेल तरी दुसरी लागतेच, सुरुवातीला कंपाउंडर हसायचा. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, दोन्ही नंबर मी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेत, म्हणजे जो उघडेल त्याच्या डोळ्यांसमोरच येतात.