लिथियम चालू आहे, टीएसएच कधी पाहिला?

(दृश्य : सातपूर, सकाळ. कंपनीच्या बसेस, खांद्याला डबे.)

निवेदन : नवऱ्याचा पहिल्या पाळीचा डबा भरला, की ताई पुन्हा अंथरुणात. मे महिन्याचं नाशिक तापलेलं, आणि ह्या म्हणतात, पंखा बंद करा. वजन वाढलंय, केस गळतायत, पोट साफ होत नाही. ताईंना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात. लिथियमच्या गोळ्यांवर मन छान थाऱ्यावर होतं, आता हे असं, म्हणून घरच्यांनी ठरवून टाकलं : डिप्रेशन परत आलं. शेजारच्या काकूंचा सल्ला त्याहून सोपा. "त्या गोळ्याच बंद कर गं."

थांबा. आधी गळ्याकडे बघू.

(दृश्य : थायरॉइड ग्रंथीचं रेखाचित्र.)

१९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिलं, तेव्हापासून हे औषध टिकून आहे ते उगीच नाही. पण ते थायरॉइडमध्ये साठतं. ग्रंथीत हार्मोन तयार असतो, तो रक्तात सुटत नाही. माल गोदामात आणि गेटला कुलूप, तसं. मेंदूखालची पिट्यूटरी मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, वाढवून ग्रंथीला ढोसत राहते. कधी ग्रंथीच सुजते, गळा भरलेला दिसतो.

बायकांमध्ये हे जास्त आढळतं, त्यातही चाळिशीच्या पुढे किंवा घरात कुणाला थायरॉइड असेल तर. पंचाईत अशी, की थायरॉइड मंदावल्यावर माणूस उदास, सुस्त, विसराळू होतो. नुसतं बघून ते नैराश्यापासून वेगळं काढणं डॉक्टरांनाही जड जातं.

(दृश्य : कॉलेज रोडवरची लॅब. रक्ताची नळी.)

म्हणून लिथियम सुरू करण्याआधी टीएसएच, आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. लिथियमची पातळी पाहायला रक्त द्यायचं असतंच, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. त्याच सुईत हेही होतं. तरी राहून जातं, आणि याचं खापर एकट्या पेशंटवर फोडणं मला पटत नाही.

ताईंचा टीएसएच वाढलेला निघाला. लिथियम बंद केलं नाही. ते अचानक सोडलं तर उन्माद उसळू शकतो, आत्महत्येचा धोकाही वाढतो. सोबत थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची गोळी, सुरू झालं. ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा टीएसएच, आणि त्यावरून डोस कमी-जास्त.